संशोधन माझं, म्हातारपण त्यांचं

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ९.४०
नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जाहीर. विषय निरोगी म्हातारपण. मॅडम म्हणाल्या, ज्याचा प्रोजेक्ट उत्तम तो परिषदेत मांडला जाईल, ज्याचा बोंबलेल त्याने सेमिस्टर पुन्हा करायचं. दुसरं वाक्य बोलताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी दारात उभा होतो म्हणून असेल. (उशीर. बस.)

आईला फोन करून परिषदेसाठी निवड झाल्याचं कळवलं. अजून झालेली नाही. पण उगाच तिला ताटकळत का ठेवा?

संकल्प : रोज पाचला उठणे. नोंदी त्याच दिवशी लिहिणे. टाचणीशी वाद न घालणे. टाचणी म्हणजे माझी वर्गमैत्रीण. बारीक आहे आणि टोचते. आम्हा दोघांना एकाच वृद्धाश्रमात पाठवलंय. जागा एक, प्रोजेक्ट ज्याचा त्याचा.

मंगळवार, ७ जानेवारी
पाचला उठलो नाही. संकल्प उद्यापासून मोजावा.

माझी योजना फक्कड आहे. आठ आठवडे, दर मंगळवारी सकाळी सातला माझा व्यायामवर्ग. मोजमाप खुर्चीवर : हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. आज पहिली मोजणी. शिवणआजी (वय ७६, जन्मभर शिवणकाम) ७. मास्तर (८१, गणित) ६. कंडक्टर आजोबा (७९, अजूनही जिन्यात लोकांना पुढे सरका म्हणतात) ५. ते बिचारे सकाळी दहापर्यंत पांघरुणातच असतात म्हणे.

प्रात्यक्षिक म्हणून मीही बसून दाखवलं. ९. खुर्ची बुटकी होती.

आधी संमतीपत्रावर छोटंसं भाषण दिलं. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, हा तुमचा हक्क आहे वगैरे. मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. चाळीस मिनिटं वाचत बसले! तेवढ्यात टाचणीने तिचे कसले तरी कागद माझ्यापुढे धरले. नीट वाच म्हणाली. दोनदा म्हणाली. इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही. चार ठिकाणी सह्या ठोकल्या आणि मोकळा झालो.

जाता जाता शिवणआजींना माझ्या एप्रनचं लोंबतं बटण दिसलं. असा कसा रे हिंडतोस, म्हणून हळहळल्या. मी म्हटलं, संशोधकाचं लक्ष बटणांकडे नसतं.

मंगळवार, १४ जानेवारी
सातच्या वर्गाला सात पन्नासला पोचलो. गजर वाजला असणार, मला ऐकू आला नाही एवढंच. कंडक्टर आजोबा साडेसहापासून फाटकात उभे होते, माझी वाट बघत. मास्तरांनी सांगितलं, व्यायाम आमचा आम्ही उरकला. शिवणआजींनी वर एक जास्तीचा घुसवला.

म्हणजे मी नसतानाही माझी पद्धत चालते. हे तर फारच मोठं यश.

मंगळवार, २१ जानेवारी
सगळ्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. मास्तरांनी सरासरी विचारली. कॅल्क्युलेटर आणला नव्हता. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की बस. मग कपाटातून जुना फळा काढला, धूळ झटकली, आणि मला तासभर सरासरी शिकवली. आता दर मंगळवारी शिकवणार आहेत. त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी शिकून घेतो. गृहपाठही दिलाय. (कठीण आहे.)

टाचणी कोपऱ्यात बसून सारखी लिहीत असते. मी काय करतो, काय बोलतो, सगळं टिपते. शिकू दे बिचारीला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
परिणाम दिसू लागले! शिवणआजी वर्षभर जिना चढल्या नव्हत्या. आता दर वेळी वरच्या मजल्यावरून शिवणाचा डबा स्वतः घेऊन येतात. आज माझं तिसरं बटण लावलं. कंडक्टर आजोबा मंगळवारी पाचलाच उठतात, कारण साडेपाचला फोन करून मला उठवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. मी परत झोपतो म्हणून पावणेसहाला पुन्हा फोन करतात. सहाला मास्तर करतात.

व्यायामाचा चमत्कार, दुसरं काय. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मंगळवार, ११ फेब्रुवारी
सर्दी. वर्ग रद्द. शिवणआजींनी फोनवरून वाफ घ्यायला लावली. घेतोय का ते कळावं म्हणून फोन चालूच ठेवायला सांगितला. मास्तरांना दर तासाचा ताप हवा होता, आलेख काढतायत म्हणे. मागून कंडक्टर आजोबा ओरडत होते, पोराला झोपू द्या! एवढ्या दंग्यात माणूस झोपणार कसा?

मंगळवार, २५ फेब्रुवारी
शेवटची मोजणी. शिवणआजी १४! मास्तर १२! कंडक्टर आजोबा ११! दुप्पट, दुप्पट, दुपटीहून जास्त! तिघंही लहान पोरांसारखे टाळ्या वाजवत होते. मला भरून आलं.

मग मला बसवलं. ८. खुर्ची तीच होती, तेव्हा फरशीला उतार असावा. मास्तर नाचता येईना असं काहीतरी पुटपुटले.

आठही आठवड्यांच्या नोंदी एप्रनच्या खिशात ठेवल्या आहेत. सगळं एका जागी असलं की हरवत नाही. आईला कळवलं, परिषदेत दुसऱ्या रांगेत बस, पहिली रांग पाहुण्यांची असते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
एप्रन धुतला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी ३
लगदा उन्हात वाळवून पाहिला. एक आकडा लागतोय. ६ आहे किंवा ९.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
मास्तरांना फोन केला. म्हटलं, आकडे तुम्हाला आठवत असतीलच, आपण बसून परत लिहून काढू. म्हणाले, आठवतात सगळे. पण आठवून लिहिलेल्याला नोंद म्हणत नाहीत, आणि तुला हे कळलं पाहिजे. मॅडमचंही तेच. सेमिस्टर पुन्हा.

आईला अजून सांगितलेलं नाही.

सोमवार, ३ मार्च
कानामागून आली नि तिखट झाली! परिषदेसाठी टाचणीची निवड. तिचा विषय आज कळला. म्हाताऱ्यांची काळजी सगळेच घेतात, पण म्हाताऱ्यांना काळजी घ्यायला कुणी दिलं तर त्यांची तब्येत सुधारते का? तिने म्हणे त्यांना असा एक माणूस दिला. पान दोनवर त्याचं वर्णन आहे : वय बावीस, प्रकृती उत्तम, स्वतःचं काहीही धड करता येत नाही.

मी विचारलं, कोण हा ठोंब्या?

मग वाचत गेलो. बटणं होती. सरासरी होती. साडेपाचचा फोन, पावणेसहाचा फोन. सर्दीवर तर अख्खं पान! मी ओरडलो, मला न विचारता? तिने शांतपणे संमतीपत्र पुढे ठेवलं. चार सह्या. चारही माझ्या. ठळक, वळणदार.

मला राग आला असं लिहिणार होतो. रडू आलं. तिने रुमाल दिला आणि तेही टिपून घेतलं.

शनिवार, ८ मार्च
परिषद. आईला ये म्हणून सांगितलं होतं, नको म्हणून सांगायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्या रांगेत बसली. मी मागे खांबाआड.

पडद्यावर माझा फोटो आला. नियमाप्रमाणे चेहरा झाकलेला. पण एप्रनची चार बटणं चार रंगांच्या दोऱ्यांनी लावलेली, पाचवं गायब. आईने तेवढ्यावरून ओळखलं. शेजारच्या बाईंना मोठ्याने सांगितलं, हा माझा मुलगा, ह्याच्यामुळे माणसं बरी झाली. टाळ्या पडल्या. मी खांबाआडून थोडासा वाकलो.

सोमवार, १० मार्च
मास्तरांचा फोन. पंधरा दिवसांत तू फिरकला नाहीस. कंडक्टर पुन्हा दहापर्यंत लोळतो. शिवणबाईंचा डबा वरच पडलाय. मी स्वतः काल खुर्चीवर मोजून पाहिलं, नऊ. मग म्हणाले, उद्या येशील का?

मी म्हटलं, बघतो. मला माझी कामं आहेत. सेमिस्टर पुन्हा करायचंय. मी काही त्यांचं टॉनिक नाही, उठसूट घ्यायला.

फोन ठेवल्यावर मात्र त्यांची आठवण येते. येते तर येते!

जातो उद्या. पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, त्यांना काहीतरी काम न्यायला हवं. म्हणून विज्ञानासाठी एप्रनचं एक बटण मुद्दाम तोडायचं ठरवलं.

तोडायला गेलो, तर सगळी आधीच तुटलेली होती.