हॉलिससाठी जॅक प्लेट

१० फेब्रुवारी, रविवार

हॉलिसला जॅक प्लेट हवीय! इंजिन बोटीपासून जरा मागे धरायचं आणि हवं तसं वर-खाली करायचं, एवढंच त्या धातूच्या चौकटीचं काम. पण निवडता आली पाहिजे. चर्चबाहेर मला गाठलं. "मेहुणे, यातलं तुमच्याएवढं कोणाला कळतं?"

आता मेहुणे! ऑक्टोबरात क्लबच्या मासेमारी स्पर्धेत वजनकाट्यापाशी माझा एकुलता एक मासा वर धरून हाच माइकवर म्हणाला होता, "वेंडेल, गळाला लावायचं आमिष इकडे कशाला आणलंस?" अख्खा क्लब हसला. नेडीनही हसली. माझी सख्खी धाकटी बहीण, नवऱ्याच्या बाजूने!

सांगेन की. प्रेमाने सांगेन.

१३ फेब्रुवारी

तळलेला कॅटफिश खाता खाता सांगितलं. त्याची बोट जुनी, हलकी. तिला सहा इंची, पान्याने आवळायची साधी प्लेट पुरे. शेंबडं पोरही सांगेल. मी बारा इंची सांगितली, बटणावर चालणारी, वजनाला दणदणीत. इंजिन जितकं मागे, तितकं ते बोटीच्या मागच्या फळीला उपटू बघतं — हे मी गिळलं. नुसतं वेगाचं बोललो. जड नाही का होणार, असं चाचरत विचारत होता. म्हटलं, सहा इंची भित्र्यांसाठी असते.

झालं! त्याने ऑर्डर दिली.

१६ फेब्रुवारी

माप घ्यायला त्याच्याकडे गेलो. तो कॉफी आणायला आत गेला तेवढ्यात हातोडीच्या मुठीने मागची फळी ठोकून पाहिली. कडेला टणटण. मधोमध, जिथे बोल्ट बसणार, तिथे ढब्ब. फायबरच्या आतलं लाकूड कुजलंय. इथे सहा इंचीसुद्धा टिकायची नाही!

वळलो तर हॉलिस दारात, हातात दोन कप.

"ठीक आहे ना?"

"दगड आहे, दगड."

येताना गाडीत गाणी म्हटली.

२४ फेब्रुवारी

नेडीन पेकन पाय घेऊन आली, अक्रोडासारख्या पेकनचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. हॉलिससाठी मी एवढा जीव टाकतो म्हणून तिचे डोळे भरून आले. जुनं सगळं विसरलास ना, म्हणाली. विसरलो म्हटलं. पाय छान झाला होता. आणखी एक तुकडा घेतला.

मला त्याला बुडवायचं नाहीये. दोरीने ओढत धक्क्याला आणलेला बघायचाय, सगळ्यांदेखत, तोंड पाडून. भर वेगात फळी इंजिनासकट निघाली तर काय, याचाही विचार केला. मार्चमध्ये गंटर्सव्हिल तळ्याचं गारठलेलं पाणी माणसाला फार वेळ देत नाही. विचार केला आणि झोपलो. चांगली झोप लागली.

२ मार्च

प्लेट आली. मदतीला येतो म्हटलं. नको, भोकं मीच पाडतो, म्हणाला. नंतर फोन नाही.

८ मार्च, शुक्रवार

उद्या स्पर्धा. आज संध्याकाळी क्लबात नेहमीसारख्या बादलीतून जोड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आधी नाव निघेल त्याची बोट. दुसऱ्याने बसायला नकार दिला तर वर्षभर क्लबबाहेर.

आधी हॉलिस निघाला. मग मी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणे-मेहुणे एका बोटीत! पोट दुखतंय म्हणावं का, याचा विचार करत होतो, तेवढ्यात हॉलिसने खांद्यावर हात टाकून मला जवळ ओढलं. बाकीच्यांना वाटलं, लाडात आलाय. कानाशी बोलला.

"भोकं पाडताना आतून ओला भुसा निघाला. मूठमूठभर. पण म्हटलं, वेंडेलने ठोकून बघितलंय, मी दारातून पाहिलंय. तो दगड म्हणाला म्हणजे दगडच. बसवली तशीच."

त्याने माझा खांदा आणखी आवळला.

"खोटं बोलला असशील तर तो बघ माइक. सांग सगळ्यांना. मग उद्या बोट काढत नाही."

हसत नव्हता. वेडा झालाय हा माणूस.

माइक हाताच्या अंतरावर होता. ऑक्टोबरातलाच.

९ मार्च, पहाट

"दगड आहे," असंच म्हणालो मी काल त्याला. माइकला हात लावला नाही.

लाइफ जॅकेट घातलंय. बाहेर हॉलिस हॉर्न वाजवतोय.