आप्पा, ते इंजेक्शन आता आम्ही बनवतो

प्रिय आप्पा,

आज दुपारी आमच्या कंपनीच्या गेटातून इंजेक्शनांची पहिली गाडी बाहेर पडली. काही खोकी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाणार आहेत. हे आधी कुणाला सांगावं, असं मनात आलं आणि तुम्हीच आठवलात. म्हणून लिहितेय.

पायात काटा मोडला तेव्हा तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. खुटबावच्या रानात उसाला पाणी देत राहिलात. पाय सुजल्यावर आईनं डॉक्टरकडं नेलं, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत सूज उतरली आणि उरलेल्या गोळ्या तुम्ही आजारी मेंढीला चारल्या. मी रागावले तर म्हणालात, "मला बरं हाय आता. तिला कोण देणार?"

आप्पा, तिथं तुमचं चुकलं. पण एकट्या तुमचंच कसं म्हणू? बरं वाटलं की गोळ्या सोडायच्या, हे आपल्या घरात सगळेच करत आलो. अर्धवट मारलेले जंतू औषधाला सरावतात, हे मी शिरूरच्या कॉलेजात शिकले होते. घरी येऊन ते का नाही सांगितलं मी?

जखम पुन्हा चिघळली. या वेळी कुठलंच औषध लागू पडेना. तपासणीत कळलं, एकच इंजेक्शन चालेल. ते दौंडात नव्हतं, शिरूरातही नव्हतं. दादा पुण्याहून घेऊन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तुम्ही पहाटेच गेला होतात.

पुढं रांजणगावच्या आमच्या कंपनीनं तेच इंजेक्शन बनवायला घेतलं. मी लॅबमधून सांडपाण्याच्या विभागात बदली मागितली. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी हाय का तू? पण औषध बनवताना थोडं पाण्यात उतरतंच. ते ओढ्याला गेलं, तर तिथले जंतू त्यालाही सरावतील. मग दुसऱ्या कुणाच्या बापाला काय द्यायचं?

गेल्या महिन्यात सांडपाण्याच्या नमुन्यात औषध सापडलं. प्लांटचे साहेब म्हणाले, "कोमल, बाकी सगळं लिमिटमध्ये आहे. सही कर."

"सर, हे पाणी सोडता येणार नाही."

"टाक्या भरल्यात. प्लांट बंद करावा लागेल."

"करू या."

 मग मी त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, आप्पा. ते ऐकून घेऊन माझ्याबरोबर टाकीपर्यंत चालत आले. समोर उभं राहून दुसरा नमुना घ्यायला लावला. त्यातही औषध निघालं. त्यांनी तिथूनच फोन करून प्लांट थांबवला.

तीन दिवस काम बंद राहिलं. गाळणी बदलली. चौथ्या दिवशी पाणी निर्मळ आलं, तेव्हा मी सही केली. मालाची वाटणी ठरताना साहेबच म्हणाले, "तालुक्याच्या दवाखान्यांचा माल आधी काढा. मोठ्या शहरांचं नंतर बघू."

तुम्ही असता तर म्हणाला असता, "पोरगी साहेबाशी भांडली व्हय?" भांडले नाही, आप्पा. खरं तेवढं सांगितलं.

पुढच्या महिन्यात आणखी एक औषध सुरू होतंय. त्याचंही पाणी मीच तपासणार. समोर कुणीही उभं असलं, तरी खराब पाण्याला हो म्हणणार नाही. हा माझा शब्द.

तुमची लेक,
कोमल