ट्रम्पेटवाल्याचा दात

३ जानेवारी २०१६, रविवार
हॉटेलात दुपारची तालीम. ते जुनं इंग्रजी गाणं घेतलं, पाहुणे रोज मागतात ते. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा नाटकातलं हलकंफुलकं गाणं होतं म्हणे. जाझवाल्यांनी संथ केलं, तेव्हापासून जो तो आपल्या पद्धतीनं वाजवतो. मी शेवटी वरचा सूर लांबवतो. आज तो फाटला. ट्रम्पेट ओठांवर दाबलं की समोरचा वरचा दात हलतो. पियानोवरचा जोजो, मनिलाचा, बघत राहिला.

६ जाने.
अल् घुब्रा भागातल्या दाताच्या डॉक्टरीणबाई. "काढावा लागेल. दुसरा बसवता येईल." वाजवता येईल का? "ते मी कसं सांगू?"
तेलाचे भाव पडल्यापासून इथं आखातात आमचं हॉटेलही खर्च कापतंय. नवा मॅनेजर महिनाअखेर स्वतः ऐकणार, मग बँड ठेवायचा की नाही ठरवणार. आमचा व्हिसा, लेकीची, रुचाची, नववी, सगळं त्यावर. घरी सांगितलं, दात साफ करून आलो.

१० जाने.
सुनीताला माझ्या खिशात डॉ.ची चिठ्ठी सापडली. भांडली असती तर बरं. भाजी निवडत म्हणाली, "वीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा दात हलतोय हे मी कागदावर वाचायचं?"
म्हटलं, घाबरली असतीस.
"घाबरलेच असते. दोघं मिळून घाबरलो असतो."

१२ जाने.
गाल सुजला. दात काढला. हॉटेलात नुसतं ताप आहे म्हणून कळवलं.

२३ जाने., शनि.
डॉ. म्हणाल्या, हळूहळू सुरू करा. केलं. फटीतून नुसता वारा. मिरजेच्या बँडमध्ये पंधराव्या वर्षी पहिल्यांदा फुंकलं होतं, तसंच. रुचा दारात उभी. तिचं मराठी अडखळतं. "बाबा, ते साउंड... रडल्यासारखी येते." एरवी हसून सुधारलं असतं. आज ट्रम्पेट पुसून ठेवून दिलं.

२६ जाने.
जोजोला तोंड उघडून दाखवलं. त्याचंही पोट याच बँडवर. रागावला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "पहले बोलना था." मग गाणं पार खालच्या पट्टीत घेतलं. "ऊपर मत जाओ. नीचे घूमो." दोन तास. कुठं कुठं बरं लागलं. कुठं कुठं नुसती हवा.

३० जाने., शनि.
मॅनेजर रिकाम्या लाउंजमध्ये एकटाच ऐकायला बसला. खालच्या पट्टीत वाजवलं. मध्ये दोन सूर आलेच नाहीत, जोजोनं पियानोवर भरून काढले.
संपल्यावर मॅनेजरनं विचारलं, "हे गाणं शेवटी वर जातं ना?"
म्हटलं, जातं. मला आता जाता येत नाही. दाताचं सांगून टाकलं. जोजोनं मान खाली घातली.
"पुन्हा वाजवा."
पुन्हा वाजवलं. डोळे मिटून ऐकत होता की कंटाळला होता, कळलं नाही. जाताना म्हणाला, "उद्या कळवतो, इन्शाल्ला."

३१ जाने., रवि.
दुपारचे तीन. फोन नाही. चारला नवा दात बसवायला जायचंय. बसवला तर वरचे सूर परत येतील, किंवा आता खालचे जमतायत तेही जातील. सुनीता म्हणाली, फोन येईस्तोवर थांबा. थांबून काय. ट्रम्पेट पिशवीत घातलं.
"हे दवाखान्यात कशाला?"
म्हटलं, दात बसला की तिथंच खुर्चीत वाजवून बघतो.
तिनं चपला घातल्या. "चला. मीही येते ऐकायला."