आईच्या माहेरची चौकट

मंगळवार, दिवेलागण

मामानं महागावकडचं मातीचं घर पाडलं. तिथली छपराची कवेलू आणि सागाची चौकट मी ट्रॅक्टरवर इकडं बोरीला आणली. नव्या खोलीसाठी नवं लाकूड कायले घ्यायचं? कवेलू आई मोजत बसली. चौकट पाहिली आणि बिथरली.

"ह्याच दारातून मले सासरी धाडलं. तवा मांगं पाहू नको म्हणे सगळे. अन् तू तेच दार इथं उभं करून राह्यला?"

मला रागच आला. एवढा जुना साग, कुठं वाळवी नाही, भेग नाही. चुलीत घालायचा का? मी ऐकलं नाही. आज सुतारानं चौकट बसवली. जुन्या पद्धतीची, ठेंगणी. येणारा वाकूनच यावा, म्हणून तशी करायचे. सकाळपासून माझं डोकं दोनदा आपटलं. कोणाला सांगितलं नाही.

आई दिवसभर अंगणात पाठ करून बसली. मी हट्ट करायला नको होता का?

आत्ता ती आपणहून उठली. वयानं ती इतकी खुजी झाली आहे, की त्या चौकटीतून ताठ चालत येऊ शकते.

तरी ती वाकूनच आत आली.