दुपारची पहाट

न्यू निकेरी, सुरिनाम

प्रिय इसहाक भाईजान,

अस्सलामु अलैकुम. अल्लाच्या मेहेरबानीने इथे सगळे ठीक. रॉटरडॅमच्या गारठ्यात तुझा गुडघा कसा आहे? (कानटोपी घालत नसशील, ते मी विचारत नाही.)

तू गेल्यापासून तुझ्या जागी अजान सलारू चाचा देतात. आवाज भातगिरणीच्या पट्ट्यासारखा, पण हौस दांडगी. मागे एकदा जेवून मशिदीच्या ओसरीवर लवंडले, दचकून उठले, आणि पहाट झाली समजून दुपारच्या अजानीत पहाटेची ओळ घालून मोकळे झाले: झोपेपेक्षा नमाज बरी. अख्खी गल्ली जेवून आडवी झालेली. जो तो आपल्यालाच टोमणा मारला समजून उठला. हमीद खाटीकसुद्धा जमातीच्या नमाजेला आला (लुंगी उलटी होती, पण आला). भरलेली रांग पाहून चाचांनी ती ओळ रोजचीच केली. इमामसाहेब म्हणाले, ती फक्त पहाटेची. चाचांनी विचारलं, "मग लोक दुपारी झोपतात कशाला?"

आता माईचं. तिला हल्ली वेळकाळ कळत नाही, तू परदेशी आहेस हेही ध्यानात राहत नाही. ती ओळ कानावर पडली की उठते, तुझी टोपी झटकते, चहाचं आधण ठेवते आणि तू नमाजेहून परतशील म्हणून दाराशी बसते. चाचांचा आवाज ऐकून म्हणते, "कुलसुम, पोराचा घसा बसलाय. आलं जास्त ठेच." मी ठेचते. मग तू अंधारात ठेचकाळू नयेस म्हणून अंगणात कंदील ठेवायला लावते. (भर उन्हात. शेजारीण पडदा सारून बघते.) चहा निवला की मीच पिते. साखर तुझ्या सवयीची, तेव्हा माझं वाढलेलं वजन तुझ्या माथी.

तू मात्र यायची घाई करू नकोस. तिकिटं महाग, तुझं काम, आणि आम्हाला इथे काही कमी नाही.

तुझी धाकटी,
कुलसुम

ता. क. शुक्रवारी इमामसाहेबांनी चाचांना पटवलं. आता दुपारची अजान अगदी बरोबर होते. माई उठत नाही.

पुन्हा ता. क. आमची दुपारची अजान झाली की फोन करत जा. बाकी काही बोलू नकोस, ती एक ओळ तेवढी म्हण. (इमामसाहेबांना विचारलं. आईला उठवायला हरकत नाही म्हणाले.) आलं मी ठेचून ठेवीन. आणि वर घाईचं लिहिलंय ते खोडलं असतं, पण कागद खराब दिसला असता.