वय वजा केल्यावर

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी बँकेत सॉफ्टवेअरचं काम करत होते, आणि तुमच्या समजुतीत मी अजूनही तिथेच असणार. तसं नाही. गेली काही वर्षं मी एका फुटबॉल क्लबात काम करते. पश्चिम लंडनमधला छोटासा क्लब आहे, बायकांचा संघ, वरच्या लीगच्या खालची पायरी. कुठली खेळाडू घ्यायची, कुठली सोडायची, यासाठी लागणारी आकडेमोड मी करते. हाउन्सलोहून बसने जाते, मैदानाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसते आणि मॅचचे व्हिडिओ बघते. हे ऐकून तुम्ही हसला असता की नुसतं हं म्हणून पेपर पुढे ओढला असता, हे मला नीटसं सांगता येणार नाही. आज तुम्हाला लिहायचं कारण एक मुलगी आहे. मुलगी म्हणते खरी, पण ती सव्वीस वर्षांची आहे आणि सगळी भानगड त्या सव्विसाचीच होती.

आधी आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही शाळेत पीटीचे सर आणि संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच, आणि कोल्हापुरात त्या दुसऱ्या कामाचा मान पहिल्यापेक्षा मोठा. लहान मुलांच्या संघाची निवड आली की पोरं जन्मदाखले घेऊन यायची. तुम्ही ते दाखले हातात धरायचात आणि न वाचता परत द्यायचात. कागदावर तुमचा कधीच विश्वास नव्हता. पोराला आत बोलवायचात, ओट्यापाशी पाटावर बसवायचात, आई त्याच्यापुढे भडंग ठेवायची. तो खायला लागला की तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारायचात, "चौथीत बाई कोण हुत्या रं तुझ्या?" मग त्या वर्षी गॅदरिंगला काय बसवलं होतं, धाकटा भाऊ कितवीत आहे, पूर आला तेव्हा शाळेला सुट्टी किती दिवस होती. पोरगं बोलत राहायचं आणि तुम्ही त्याच्या मनगटाकडे, ओठावरच्या लवेकडे बघत मनातल्या मनात वर्षं जुळवायचात. मी दारात उभी राहून हे सगळं बघायचे. पोरं गेल्यावर तुम्ही आईला म्हणायचात, ह्याचं बरोबर आहे, किंवा ह्याचं काहीतरी लपतंय. तुमचा आवाज दोन्ही वेळेला सारखाच असायचा.

कागलकडचा तो मुलगा तुम्हाला आठवत असेल. मी चौदा वर्षांची असेन. निवडीच्या मॅचमध्ये त्याने एकट्याने सगळ्यांना पळवलं, कुणाला त्याच्या अंगाला अंग लावता येईना. आपल्या ओट्यापाशी मात्र तो धाकट्या भावाच्या इयत्तेत अडकला, तुम्ही त्याला भडंग संपवू दिलं आणि घरी पाठवलं. मला फार राग आला. मी म्हटलं, तो सगळ्यात चांगला खेळतो, मग वयाचं काय एवढं? तुम्ही बुटांच्या नाड्या सोडत होतात. वर न बघता म्हणालात, "त्यो चांगला खेळत न्हाई, त्यो मोठा हाय. ह्यातला फरक कळत नसंल तर मैदानावर येऊ नगंस." पुढे महिन्याभरात त्याचा मामाच बाजारात भेटला आणि बोलता बोलता सांगून गेला की पोरगं दोन वर्षांनी मोठं आहे. तुमचं बरोबर निघालं. त्या संध्याकाळी मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता. तेव्हापासून चांगलं काही दिसलं की मी आधी त्यात काय लपलंय ते शोधते. नवऱ्याला याचा त्रास होतो. क्लबात याचाच पगार मिळतो.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. संघात एकच जागा उरली होती. आमची कोच मँचेस्टरची, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. तिच्या मनात आमच्याच अकादमीतली एक सतरा वर्षांची मुलगी होती. आमचा स्काउट, म्हणजे गावोगाव मॅच बघत हिंडून खेळाडू शोधणारा माणूस, मात्र हट्टाला पेटला होता. त्याला साउथॉलची एक मिडफिल्डर सापडली होती. पंजाबी घरातली, इथेच जन्मलेली, विमानतळावर कार्गोमध्ये नोकरी करून रविवारी काउंटी लीगमध्ये, म्हणजे हौशी संघांत, खेळणारी, आणि वय सव्वीस. तिला आत्ताच घ्या, सगळ्यांच्या आधी घ्या, असं तो म्हणत होता. दुसऱ्या एका क्लबाची माणसंही तिला बघून गेली होती. त्याचं म्हणणं असं की सतरा वर्षांच्या पोरीत आपण नुसता अंदाज घेतो, हिच्यात जे दिसतं ते आजच तयार आहे. कोच म्हणाली, तयार आहे म्हणजे संपलेलं आहे, ती याच्यापुढे वाढणार नाही. दोघंही मग माझ्याकडे वळले.

मी तिचे व्हिडिओ बघितले. आकडे फारच सुंदर होते, आणि मला तिथेच संशय आला. त्या लीगमध्ये समोरच्या निम्म्या पोरी सोळा-सतराच्या. त्यांच्यात सव्वीस वर्षांची बाई, आठवडाभर कार्गोच्या पेट्या उचलणारी, खांदा लावून चेंडू काढून घेते यात नवल ते काय? मला कागलचा मुलगा दिसायला लागला. मग मी लहान मुलींविरुद्धच्या सगळ्या मॅचेस बाजूला काढल्या. मोठ्या बायकांच्या संघांविरुद्धच्या थोड्याच उरल्या, आणि त्यांत ती चांगली होती, पण डोळे दिपावेत अशी नव्हती. वय वजा केलं की एवढंच उरत होतं.

दुसरा संशय याहून वाईट होता. सोळाव्या वर्षापर्यंत ती एका मोठ्या अकादमीत होती आणि मग एकदम बाविसाव्या वर्षी रविवारच्या संघात उगवली. मधल्या वर्षांचं काय, असं स्काउटला विचारलं तर म्हणाला, घरच्या अडचणी. हे उत्तर मी स्वतः लोकांना इतक्यांदा दिलंय की मला ते उत्तरच वाटत नाही. तिसरा संशय खुद्द स्काउटवर. एवढा आग्रह कशाला करतोय हा? त्या घराशी याची ओळख आहे का? मी तेही हळूच काढून घ्यायचा प्रयत्न केला. तसं काही नव्हतं. त्याला ती नुसती आवडली होती, आणि माणसाला खेळाडू नुसती आवडू शकते यावर विश्वास बसायला मला दोन-तीन दिवस गेले.

मी रविवारी तिला प्रत्यक्ष बघायला गेले. गोलच्या मागे उभी राहिले, कारण तिथून पाय नीट दिसतात. दुसऱ्या हाफमध्ये लक्षात आलं की ती डाव्या पायावर भार टाकून कधीच गर्रकन वळत नाही. वळायची वेळ आली की चेंडू आधीच पास करून टाकते. इतकं सफाईने की व्हिडिओत मला तो तिचा शहाणपणा वाटला होता. मॅच संपल्यावर मी तिला म्हटलं, चहा घेऊ या का? ईलिंगमध्ये एक कॅफे आहे, बसायची जागा वरच्या मजल्यावर. ती आधी मला आंटी म्हणाली, मग चपापून सॉरी म्हणाली. मी म्हटलं, चालेल, आंटीच म्हण. समोसे मागवले. ती खायला लागल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं की अकादमी सोडली त्या वर्षी कोच कोण होतं, मैदानावर कशाने जायचीस, धाकटी बहीण तेव्हा कितवीत होती. बाबा, मी काय करतेय हे मला पहिल्याच प्रश्नाला कळलं होतं. तरी थांबले नाही.

ती अडकली नाही, सगळी वर्षं बरोबर जुळली. पण खाली उतरताना तिने कठडा धरला आणि प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी टाकला. फुटपाथवर आल्यावर मी विचारलं, "गुडघा कधी गेला?"

तिने बसस्टॉपकडे बघतच सांगितलं. सोळाव्या वर्षी लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, अकादमीने सोडलं. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा खेळून बघितलं तर तेच, तोच गुडघा. त्यानंतर दोन-तीन वर्षं ती फुटबॉलकडे बघतसुद्धा नव्हती. घरच्यांनी लग्नाचं काढलं होतं, तिने नोकरी धरली. मग कामावरच्या मुलींनी एकदा गोलकीपर कमी पडते म्हणून नेलं आणि ती गोलमधून पुढे पुढे सरकत गेली. आता गुडघा कसा आहे असं विचारलं तर म्हणाली, थंडीत सुजतो, बाकी दर आठवड्याला खेळतेच आहे.

"क्लबच्या मेडिकल तपासणीत हे निघणारच. स्काउटला का सांगितलं नाहीस?"

"निघू दे ना, मी काही नाकारणार नाही. पण आंटी, आधी गुडघा सांगितला की पुढे कुणी खेळ बघतच नाही. दोन ठिकाणी बघितलंय मी. तुम्ही आधी खेळ बघा, मग गुडघा बघा. एवढंच मागतेय."

बस आली तशी ती निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. माझा संशय खरा निघाला होता आणि नेहमी वाटतं तसं समाधान काही केल्या वाटेना. तुम्ही त्या कागलच्या मुलाचं वय ओळखलंत, पण त्याचा खेळ आपण कुणी पुन्हा बघितला का? मोठ्या मुलांच्या संघात तरी? मला आठवत नाही. पुढे तो कुठे दिसला नाही.

सोमवारी मी कोचला इतकंच म्हटलं की रिपोर्ट द्यायच्या आधी मला तिला आपल्या मुलींसमोर बघायचंय. आपल्या म्हणजे आमच्या पहिल्या संघाच्या, तिच्याच वयाच्या, काही तिच्याहून मोठ्या. शनिवारी सरावाची मॅच ठेवली. पहिला अर्धा तास ती हरवल्यासारखीच होती. आमच्या मुली तिला खांद्याने सहज बाजूला सारत होत्या, आणि मला वाटलं, झालं, जे होतं ते कार्गोच्या पेट्यांचंच बळ होतं. मग हळूहळू तिने कुणाच्या अंगाला भिडणं सोडून दिलं. चेंडू जिथे येणार तिथे ती आधीच जाऊन उभी राहायला लागली. एकदा नव्हे, सतत. आमची कॅप्टन वैतागून मागे वळून बघायची आणि ही तिथेच. यात ताकद कुठे नव्हती, वय कुठे नव्हतं. असलंच तर उलट होतं, ज्या गुडघ्यावर वळता येत नाही त्याने तिला बाकीच्यांच्या आधी विचार करायला लावलं होतं. सतरा वर्षांच्या पोरीत हे नसतं. काहींच्यात कधीच येत नाही.

मॅच संपल्यावर मी कोचला गुडघ्याचं सांगितलं. सांगू का, असं आदल्या दिवशीच त्या मुलीला फोन करून विचारलं होतं, ती हो म्हणाली होती.

कोच म्हणाली, "तुला हे आधीपासून माहीत होतं."

"हो."

"आधी सांगितलं असतंस तर मी ही मॅच ठेवलीच नसती."

"म्हणून तर नाही सांगितलं."

ती किट-बॅग उचलून आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तोवर डॉक्टरांचं मत आलं की खेळवा, पण जपून, सलग मॅचेस नकोत. मी रिपोर्टमध्ये लिहिलं की सव्वीसवाली आधी घ्यावी, धाकटी पुढच्या वर्षीही अठराचीच असणार आहे. कोचने साउथॉलवालीला घेतलं.

तुम्हाला निकाल ऐकायची घाई असायची, म्हणून सांगते. पानगळ सुरू होईपर्यंत ती आमची सगळ्यात चांगली खेळाडू होती. नोव्हेंबरात गुडघा सुजला आणि सगळा हिवाळा ती बाकावर जाड कोट घालून बसली. मार्चमध्ये परत आली, आणि शेवटच्या मॅचेसमध्ये तिने आम्हाला खालच्या लीगमध्ये घसरू दिलं नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र वाईट वाटलं. ती वर्षभर थांबली नाही, मँचेस्टरच्या एका क्लबात गेली आणि तिथे छान खेळतेय. तिचं नाव निघालं की कोच माझ्याकडे बघते. मग माझं बरोबर होतं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. आता नवा उन्हाळा आलाय. वरच्या मंडळींनी विचारलंय की यापुढे मोठ्या वयाच्या खेळाडू आधी घ्यायचं असं धोरणच ठेवायचं का. मी नाही म्हणणार आहे. असं धोरण ठेवलं की बघणं संपतं. प्रत्येक वेळी मैदानावर जाऊनच ठरवावं लागेल, आणि हे त्यांना फारसं आवडणार नाही.

परवा साउथॉलवाली ट्रेनिंगनंतर खोलीत आली. म्हणाली, त्या दिवशी कॅफेत तुम्ही असले विचित्र प्रश्न का विचारत होता? मी म्हटलं, माझे वडील असे विचारायचे. ती म्हणाली, मग त्यांना मी आवडले असते का? मी हो म्हणाले, लगेच, तोंडभरून. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसले. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. तुम्ही तिला घेतलं नसतंत. तिने पायरीवर कठडा धरला तेव्हाच तुम्ही आईला सांगितलं असतं, हिचं काहीतरी लपतंय. आणि रिपोर्टवर सही करताना, बाबा, तुम्हाला विचारता येत नाही याचं मला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.