दोन टक्के कशाचे

११ मार्च, बुधवार

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी हातात पडलं. आमच्या जुन्या पत्त्यावर गेलं होतं, तिथल्या नव्या मालकाने स्वतः आणून दिलं. चारच ओळी. "लेक फ्लॅट विकते आहे. एजंट दोन टक्के मागतो. हे रास्त आहे का? तुला विचारायचं नव्हतं, पण या धंद्यातलं दुसरं कोणी माहीत नाही." अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. वेलांटी अजून तशीच लांब ओढतेस.

इकडचं थोडक्यात सांगतो. धंदा बंद करून मला तीन वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, पण पाय चालतात. आम्हीही घर विकलं, जानेवारीत. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलो. दोनच खोल्या आहेत, पण उजेड भरपूर. तुझ्या भावजयीच्या डोळ्यांचं ठीक नाही, त्याचं पुढे लिहितो.

आता तुझा प्रश्न. दोन टक्के हा आकडा नुसता पाहून काहीच कळत नाही. एक टक्का घेऊन चार फोटो टाकायचे आणि फोनची वाट बघत बसायचं, असा एजंट महागच. दोन घेऊन तुमच्यासाठी जोडे झिजवणारा स्वस्त. भाचीला सांग, त्याला आधी विचार की वर्षभरात याच भागातली कुठली घरं विकलीस, त्या मालकांचे नंबर दे. दोघांना तरी फोन करायचाच. जाहिरातीचा खर्च कोणाचा, ते ठरवून घे. विसार मिळाला की लगेच फी मागत असेल तर सरळ नाही म्हण. खरेदीखतावर सह्या झाल्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि तीन एजंटांना घर दाखव. जो सगळ्यांत मोठी किंमत सांगेल त्याच्यापासून जपून. तो काम मिळवण्यापुरतं बोलतो आणि दोन महिन्यांनी तोंड पाडून सांगतो की बाजार बसलाय. मला माहीत आहे, कारण मीही सांगायचो.

शेवटचं म्हणजे, तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार आहे का, हे विचार. तोंडी नको, लिहून घे. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. का, ते

इथे थांबतो. हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे.

१४ मार्च, शनिवार

पत्र तीन दिवस टेबलावर पडून आहे. डॉक्टरकडून आम्ही त्याच दिवशी दुपारी परत आलो होतो, त्यामुळे ती सबब चालणार नाही. वरचं पान तसंच पाकिटात घालून पाठवावं असं दोनदा वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. पण तुला अर्धंच उत्तर द्यायची माझी ही दुसरी वेळ झाली असती.

आधी आमच्या घराचं सांगतो.

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की हिची नजर हळूहळू जाणार, फार तर वर्षभर हाताशी आहे. घरी आल्यावर ही शांतपणे म्हणाली, "मग जिथे राहायचंय तिथे आत्ताच जाऊ या. दिसतंय तोवर घर पाठ करून घेते." म्हणजे आम्हाला घाई होती, आणि चांगलीच होती.

माझं घर मीच विकणार असं मी ठरवलं होतं. आयुष्य याच धंद्यात गेलेलं. पण पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, स्वयंपाकघर अंधारं आहे, आणि मी त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो. दुसऱ्याला तर मी घराबाहेरच काढलं. शेवटी ही म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांची घरं विका. आपल्यासाठी माणूस बघा."

एक बाई आल्या, पस्तिशीच्या असतील. फी दोन टक्के. मी म्हटलं, मी याच धंद्यातला, दीड करा. त्या म्हणाल्या, "काका, मग तुम्हाला ठाऊकच असेल, दीडमध्ये मी काय काय करणार नाही ते." मला राग आला, पण काम त्यांनाच दिलं.

त्यांनी विचारलं, "का विकताय?" मी सगळं सांगितलं. डोळे, डॉक्टर, वर्षभराची मुदत. त्यांनी वही मिटली. "हे माझ्याजवळच राहील. तुम्हीही कुणाला सांगू नका."

दोन आठवड्यांनी एक जोडपं घर बघायला आलं. मी आतल्या खोलीत कपाट आवरत होतो. नवऱ्याने हळूच विचारलं, "खरं सांगा, यांना किती घाई आहे?" बाई म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. मला पैसे हे देतात." पुन्हा म्हणाला, "आमच्याकडूनही घ्या ना काहीतरी." त्या म्हणाल्या, "दोघांकडून घेतलं तर मी नेमकी कोणाची?"

ताई, ते जोडपं जाईपर्यंत मी बाहेर आलो नाही.

अकरा वर्षांपूर्वी तुझं घर मी विकून देत होतो, तेव्हा तो फरशीचा दुकानदार आला होता, आठवतो? तुम्ही सांगितलेली किंमत त्याला पटली होती. जवळजवळ हो म्हणाला होता. त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर चहाला बसलो. त्याने हाच प्रश्न विचारला, आणि मी सांगितलं, "पंधरा तारखेला भाऊजींचं ऑपरेशन आहे. त्याआधी त्यांना पैसे हवेत." दुसऱ्या दिवशी त्याने किंमत दहा टक्क्यांनी पाडली. मी तुला म्हणालो, "बाजार बसलाय ताई, हो म्हण." तू हो म्हणालीस. तुझ्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि ते मला माहीत होतं.

त्याच्याकडूनही मी दोन टक्के घेतले. तुला कधी सांगितलं नाही.

तो सौदा लवकर व्हावा म्हणून मी बोललो का, त्याच्याकडून मिळणाऱ्या पैशासाठी बोललो का, की चहाच्या भरात मोठेपणा म्हणून तोंडातून गेलं, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारतो आहे. दर वर्षी वेगळं उत्तर मिळतं. बोललो, एवढं खरं.

मग सह्यांच्या दिवशी तू म्हणालीस, "सख्ख्या बहिणीकडून दलाली घेतोस?" मी म्हणालो, धंदा वेगळा, नातं वेगळं, सगळीकडे हाच दर आहे. तू उठून गेलीस. पुढे सगळे नातेवाईक म्हणत राहिले की बहीण-भावाचं दोन टक्क्यांवरून फाटलं. मी ते म्हणू दिलं. ते भांडण मला सोयीचं होतं ताई, कारण दर खरोखरच रास्त होता. त्यात मी हरणार नव्हतो. भाऊजी गेले तेव्हाही मी लोकांच्या मागे उभा राहिलो आणि तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, बरं झालं.

त्या पाडलेल्या पैशांत भाऊजींना पुढे काय मिळालं असतं, कुठली खोली, किती दिवसांची नर्स, हे तुला माहीत असेल. मला विचारायचा अधिकार नाही.

आमचं घर विकायला त्या बाईंना सात आठवडे लागले. चार लोक परत गेले. मी दोनदा घाबरून म्हणालो, देऊन टाका. त्या म्हणाल्या, "थांबा काका." मागितलेल्या किमतीपेक्षा थोडंच कमी मिळालं. दोन टक्के मी एका हप्त्यात दिले, घासाघीस केली नाही.

ही आता नव्या घरात पलंगापासून ओट्यापर्यंत पावलं मोजते. अकरा होतात. कधी बारा झाली की मागे जाऊन पुन्हा चालते. तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून इथवरचं पत्र आत्ता मीच तिला वाचून दाखवलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. मग म्हणाली, "पाकीट आणा. पत्ता मी घालते, अजून दिसतंय तोवर." त्यामुळे पाकिटावरचं अक्षर वेडंवाकडं आहे, ते तिचं.

तर, दोन टक्के रास्त आहेत. माणूस तुमचा असेल तर. भाचीच्या एजंटाला माझं नाव सांगू नकोस, मी मध्ये पडणार नाही.

पत्राच्या शेवटी धाकट्याने थोरल्या बहिणीला नमस्कार लिहायचा आणि आशीर्वाद मागायचे, अशी रीत आहे. नमस्कार लिहितो. दुसरं मागत नाही.

तुझा भाऊ